भर सभेत लागलेला डोळा

व्हय, लागला माझा डोळा! भर सभेत लागला, स्टेजवर लागला, समोर सगळं गाव बसल्यालं असताना लागला... पण त्याच्या आधी काय काय झालं ते कुणी इचारतंय का? न्हाई! फोटो तेवढा सगळ्यांनी मोबाईलवर फिरवला. म्हणून तुम्हाला सांगते, ऐका.

केडगावच्या पल्याड आमचं गाव. औंदा सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं, आन् आमच्या मालकांनी, इंद्रजीतनी, मला इचारायच्या आधीच माझा फ्लेक्स छापायला टाकला. "नीलम, तू उभी ऱ्हायलीस!" म्हटलं, बरं. मला बी वाटलं, चार बायांची कामं तरी मार्गी लागतील. पण मत मागायला गेलं की पुढ्यात काय येतं? ताट! पहिल्या घरी भजी, दुसऱ्या घरी भजी, तिसऱ्या घरी म्हणत्यात, "ताई, आज भजी न्हाईत हां," म्हणून जरा जीव भांड्यात पडतोय तवर जिलेबी! वर गोडमिट्ट चहा, दुपारी फरसाण, सांजच्याला कार्यकर्त्यांबरोबर तर्रीचा रस्सा. न्हाई म्हणायची सोय न्हाई, घास नाकारला की मत गेलं! आन् अंथरुणावर पडलं की पोट फुगल्यालं, बोटं आखडल्याली, गुडघं ठणकत्यात, कूस बदलून बदलून चादरीचा बोळा! शेजारी मालक डाराडूर. अहो, उभी मी, घोरतायत हे! मग माणसानं झोपायचं तरी कवा?

शेवटी केडगावला डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी रक्त तपासलं आन् म्हणल्या, "नीलमताई, अंगात सूज आहे."

मी घाबरून गाल चाचपलं. म्हटलं, "मॅडम, फ्लेक्सवर दिसंल का?"

"बाहेरची नाही हो, आतली. रोज तळलेलं, गोड, मैदा, त्यात रात्री उशिरा जेवण. अशानं ती धुमसत राहते आणि झोप मोडते. झोप मोडली की सूज आणखी वाढते, आणि दुसऱ्या दिवशी गोडच खावंसं वाटतं!"

"म्हंजी माझी चूक न्हाई?"

"सगळा दोष जेवणाचा नसतो, काळजीनंही झोप उडते. पण जेवण तुमच्या हातात आहे. भाकरी, पालेभाजी, उसळ, मूठभर शेंगदाणे खा. आणि जेवा लवकर."

माझ्या हातात? निवडणुकीत? मॅडमना कोण सांगणार!

तरी मी धीर केला. दुसऱ्याच दिवशी अनसाबाई आजींच्या दारात गेले. आजी म्हंजी काय, त्या म्हणतील त्यालाच सगळी खालची आळी मत टाकती. आजींनी बुंदीचा लाडू पुढं केला.

म्हटलं, "आजी, डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"गोड बंद केलंय का माझ्या हातचं?"

"तसं न्हाई वो..."

"कस्तुरानं दोन खाल्लं, आन् एक पदरात बांधून नेला!"

कस्तुराबाई म्हंजी माझ्या इरोधात उभी ऱ्हायल्याली. झालं! घरी पोचायच्या आत गावभर बोभाटा, "नीलमचं नाक आत्तापासनंच वर! सरपंच झाल्यावर तर दारात बी उभं करायची न्हाई!" मालक कपाळाला हात लावून बसलं. "खायाचा की गं एक लाडू! निवडून आल्यावर पाच वर्षं झोप की!" खरं सांगते, मला रडूच आलं. डोळं पुसलं, माघारी गेले, आजींसमोर दोन लाडू खाल्लं आन् तिसरा पदरात बांधला. मग सांगा, माणसानं झोपायचं तरी कवा?

आन् दुसऱ्या दिवशी सभा! दोघी उमेदवार एकाच स्टेजवर, खुर्चीला खुर्ची लावून. माईक कुणाकडं? गावच्या जुन्या पुढाऱ्याकडं, पोपटराव आप्पांकडं! आप्पांचं भाषण साऱ्या गावाला ठावं हाय... "तर मंडळी, मी काय म्हणतो..." आन् काय म्हणतोय ते सांगतच न्हाईत! त्यो संथ आवाज, त्यो गार वारा... माझी मान कलली ती थेट कस्तुराबाईच्या खांद्यावर! तेवढ्यात कानाशी आवाज आला, "झोप गं बाई. मलाबी कितीक दिस झोप न्हाई. मी आप्पांकडं बघत बसते, तू झोप."

तशी झोप, तुम्हाला सांगते, माहेरी बी लागली न्हाई.

जाग आली तवा फोटो निघाल्याला. निम्मं गाव म्हणतंय, "युती झाली!" आन् निम्मं म्हणतंय, "काय माया बघा कस्तुराबाईची! इरोधकाला बी खांदा देती!" त्या एका फोटोवर ती निवडून आली की हो! मी पडले. वाईट वाटलं, चार दिवस तोंड लपवून बसले. पण पडल्याल्या बाईला भजी कोण देतंय? भाकरी, मेथी, मटकी, दिवे लागायच्या टायमाला जेवण... हळूहळू बोटं सैल झाली, पोट हलकं झालं, आन् एक दिवस पडल्या पडल्या डोळा लागला.

म्हटलं, सुटले!

कुठली सुटतीया! कस्तुराबाईचं सत्कार चालू झालं. रोज पेढं, रोज पंगत. तिची झोप गेली ती गेलीच. आन् आता कोंबडं आरवायच्या आधी माझ्या दारात उभी, कडी वाजवती. "नीलम, उठ गं. ती डॉक्टरीण काय काय खा म्हणली व्हती, परत एकदा सांग!"

सत्कार तिचा, खुर्ची तिची... आन् जागरण माझं!