जावईबापूंचे ठिगळ

मंडळी, आजचा प्रश्न असा, की दुसऱ्याच्या वस्त्रास ठिगळ लावण्याचा अधिकार कोणास? अधिकार सर्वांस आहे हो! पण रीत? ती किती जणांस ठाऊक? ऐका!

हिंगोलीस पद्माकर नामे एक संगणक-पदवीधर राहत असे. त्याच्या घरी डहाणूहून सासूबाई आल्या. त्या एकादशी पाहत — मोबाईलच्या ॲपवर! ॲपने सांगितले त्या दिवशी निराहार राहिल्या. दुसऱ्या दिवशी श्रीखंडात पुरी बुडवतात, तोच दारातून गुरव ओरडला — "आक्का, आज एकादशी!" काल उपाशी, आज पापी!

"जावईबापू," सासूबाई कडाडल्या, "एवढे शिकलात ना? पुढची एकादशी चुकली, तर ह्या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही!"

हसू नका! काही जावयांनी ॲप तसेच ठेवले असते. पद्माकर सज्जन होता!

आता हे ॲप कोणा शेठजीचे नव्हे. अनेकांनी मिळून, विनामूल्य रचलेले. कोणीही दुरुस्तीचे ठिगळ पाठवावे. मृणालताई नामक बाई ते तपासून आत घेत. पद्माकराने पाहिले, तो काय! ॲप साऱ्या मुलखाची तिथी मुंबईच्या सूर्योदयावर मोजते! उगवत्या सूर्यास जी तिथी, ती त्या दिवसाची; आणि हिंगोलीस सूर्य मुंबईच्या आधी उगवतो! दोष सापडला. परंतु तेवढ्यावर थांबेल तो पद्माकर कसला? त्याने रंग बदलले, इतरांचे लिखाण उलटेपालटे केले, वर स्वतःचा फोटो डकवला — आणि पाठवले!

ताईंचे उत्तर आले, "एका ठिगळात एकच दुरुस्ती. काय केले, का केले, ते लिहा. चाचणी करून पाठवा."

"फुकट राबायचं, वर ह्यांचे नियम?" पद्माकर तापला.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, सदऱ्याचं बटण लावायला दिलं आणि शिंप्यानं झबलं शिवून आणलं, तर घालाल का?"

निमूटपणे त्याने एकच दुरुस्ती पाठवली. ताईंनी विचारले, "डहाणूची चाचणी केलीत?"

केली — आणि घाम फुटला! डहाणूची तिथी आधी बरोबर होती, ती आता चुकली! कारण? ह्या महाशयांनी मुंबईचा सूर्योदय काढून हिंगोलीचा घातला होता! हा जागा झाला, म्हणजे जग उजाडले! आणि तिकडे सासूबाईंची बॅग डहाणूसाठी भरलेली!

"ताई, चुकलो. मग सूर्योदय कोणाचा धरू?"

"ज्याचा उपवास, त्याचा!"

वा! मंडळी, हे हृदयात कोरा! पद्माकराने तसे केले, गावोगावची चाचणी घेतली, ठिगळ स्वीकारले गेले. एकादशीस डहाणूहून फोन आला, "जुळली हो, जावईबापू! मी पुढच्या आठवड्यात येते. चांगली महिनाभर राहते!"

पुण्याचे फळ असे तत्काळ मिळते!

तस्मात्, सुज्ञ श्रोतेहो, उद्या ह्याच देवळात सभा आहे. घंटेची दोरी तुटली आहे, ती बदलायची आहे. दोरी! घंटा नव्हे, गाभारा नव्हे, पुजारी नव्हे — आणि पाटील, तुम्हांस सांगतो, कीर्तनकार तर नव्हेच नव्हे! वाजवा टाळी, घ्या नाम!