मंजण्णाची बिनचूक पाटी

माणूस रिटायर होतो, त्याची खोड होत नाही. आमच्या बाबांनी जन्मभर सरकारी कारखान्यात ड्रॉइंग तपासली, आता जे. पी. नगरातल्या पाट्या तपासतात. कोपऱ्यावर मंजण्णाची बेकरी. पाटीवरच्या इंग्रजीत सात चुका. रोज ब्रेड घेताना बाबा त्याला झापायचे.

तो हसायचा. "सर, आपण बोलतो तसं पेंटरने लिहिलं. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं चालवून घ्या."

"अरे, इंग्रजी बोलतात तसं लिहीत नाहीत!"

वर्षभर हेच. शेवटी बिचाऱ्याने कंटाळून नवी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी बाबा ब्रेड आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. चेहरा एवढासा.

"मंजण्णा गेला गं दुकान विकून. मला एका शब्दाने बोलला नाही."

मी म्हटलं, "कोणी सांगितलं? आत कोण होतं?"

"आत कशाला जाऊ? बाहेरूनच कळलं. पाटी दोनदा वाचली, एकही चूक नाही. मंजण्णाची कशी असेल?"