रत्नप्रभेवरची टाकी

(जुना जालना, १९९६. पत्र्याच्या कोठ्या आणि टाक्या करणाऱ्या सर्जेरावांचं दुकान. दुपार.)

हरेश्वर : म्हणून म्हणतो काका, कागद एकदा बघा तरी. मापं मी स्वतः घेतलीत.

सर्जेराव : मापं काय बघायची? ती टाकी म्याच केल्ती. साडेचार फूट लांब, तीन रुंद, आन् डोलकाठीच्या बाजूचा एक कोपरा कापेल होता.

हरेश्वर : तोच कोपरा गळतो. दोनदा सिमेंट भरलं. पाण्याला गंजाचा वास येतो, खलाशी चहासुद्धा नको म्हणतात.

सर्जेराव : बावीस वर्सं झाले. खाऱ्या हवेत लोखंडाचं येवढं आयुष्य लय झालं. आता प्लास्टिकची बसव. हलकी ऱ्हाती, गंजायची भानगड न्हाई.

हरेश्वर : ती गलबताच्या झडपेतून आत जात नाय.

सर्जेराव : जानारच न्हाई. आदी टाकी बसवली, मंग वरून फळ्या ठोकल्या.

हरेश्वर : जुनी तुकडे करून काढावी लागेल. नवीन पत्रे आत नेऊन आतच जोडायचे. आमच्याकडचे दोघे कारागीर बघून गेले. म्हणाले, ज्याने केलीन त्यालाच आणा.

केशरबाई : चहा घ्या. कुठले म्हनायचे पाव्हने?

सर्जेराव : रत्नागिरीचा हे. हरेश्वर. आपल्या तांडेलाचा पोरगा.

केशरबाई : गलबतवाल्या तांडेलाचा? बाई गं! लेकरा, तुमच्या रत्नप्रभेचं नाव आमच्या घरात रोज निघायचं. ह्ये पानी पिले की हटकून म्हनायचे, मालवनच्या पान्याची सर न्हाई.

सर्जेराव : खरंच न्हाई. मालवनचं गोड. मंगळूरचं हलकं, कितीबी पिलं तरी पोटाला जड न्हाई. मुंबईच्या धक्क्यावरच्या नळाचं औषधावानी. म्या डोळे मिटून सांगायचो, कुठलं भरलंय.

हरेश्वर : बाबा सांगतात, तुम्ही पहिल्या दिवशी समुद्राचं पाणी प्यायलात म्हणून.

केशरबाई : ह्ये मला सांगितलं न्हाई कधी!

सर्जेराव : काय सांगायचं! बहात्तरचा दुष्काळ. गावाकडं दोन कोसावरून घागर आनावी लागायची. मुंबईला गेल्तो, धक्क्यावर कौलं उतरवायचं काम भेटलं. तिथं येवढं पानी बघून मला ऱ्हाववलंच न्हाई. वाकलो आन् भरली ओंजळ. खारट ऱ्हातं हे ऐकेल होतं, पर येवढं? ओकलो मंग. तांडेल वर गलबतावर बसेल होते. हसले न्हाईत. तांब्या घेऊन खाली आले आन् सोता पानी ओतलं माझ्या ओंजळीत.

केशरबाई : जात न इचारता?

सर्जेराव : न इचारता. पाव्हन्या, तुला म्हाईत नसंल. गावच्या आडावर आमाला घागर बुडवायला मनाई होती. माझी माय कडंला बसून ऱ्हायची. कुनाला दया आली तर वरून ओतायचं. आन् तांडेलानं मला गलबतावर कामाला घेतलं. दोन वर्सांनी म्या टाकी केली, तवा त्यांनी झाकनाला कुलूप लावून किल्ली मलाच देली. म्हने, तहान काय आस्ती ते तुला कळतं, पानी तूच वाटायचं. दिवसाला मानशी चार तांबे. तांडेलालाबी चारच.

हरेश्वर : एकदा वारा पडला होता ना सहा दिवस?

सर्जेराव : शीड फडक्यावानी लोंबत होतं. म्या चाराचे दोन केले, मंग एक. अकरा मानसं माझ्या हाताकडं बघायची. एकानं बी आवाज केला न्हाई. सातव्या दिवशी वारा आला तवा टाकीत बोटभर पानी होतं.

केशरबाई : येवढं बराबर चाल्लं होतं, मंग सोडलं काहून? अठरा वर्सं इचारून राह्यले मी. 'जी उबगला' म्हनतेत अन् भाईर निघून जातेत.

सर्जेराव : जाऊ दे ना केशर.

हरेश्वर : काकी, मी सांगतो. बाबांनी सांगायलाच सांगितलंनी. एक नवा खलाशी आला होता. काकांच्या पेटीत बुद्धाचा फोटो बघितलान त्याने, आणि ह्यांच्या हातचं पाणी पिणार नाय म्हणून बसला. आणखी दोघं त्याच्या बाजूला गेले. ऐन हंगाम, माल भरलेला. बाबा काकांना म्हणाले, चार दिवस दुसऱ्याला वाटू दे.

केशरबाई : आन् तुमी?

सर्जेराव : म्या किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. रत्नागिरी आली, उतरलो. त्यांनी मला हाकललं न्हाई, शिवी देली न्हाई. 'चार दिवस' म्हनले फक्त. गावानं आयुष्यभर केलं ते सोसलं म्या, कारन गावाकडून आशाच नव्हती. त्या मानसाकडून होती.

केशरबाई : येकल्यानंच गिळून बसले येवढी वर्सं.

हरेश्वर : तुम्ही उतरलात त्याच संध्याकाळी बाबांनी त्या तिघांना उतरवलंनी. माल आठ दिवस धक्क्यावर पडून होता. तुम्हाला शोधायला एसटी स्टँडवर गेले होते. जालन्याची गाडी सुटलेली.

सर्जेराव : स्टँडवर आल्ते?

हरेश्वर : मग पाणी स्वतः वाटायचे. दुसऱ्या कुणाच्या हातात तांब्या दिला नाय. आता अठ्ठ्याहत्तर वय. निघताना मला म्हणाले, टाकीचं पहिल्यांदा बोलू नको. आधी सांग, तांडेल चुकला, आणि चुकला हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. मी उलटं केलं काका. आल्या आल्या मापंच काढली. धीर होत नव्हता.

केशरबाई : आवो, चहा थंडा होऊन राह्यला.

सर्जेराव : शीड आजून हे का रं?

हरेश्वर : मशीन बसवलंय. पण शीड आहे. वारा असला की बाबा धक्क्यावर बसूनसुद्धा म्हणतात, मशीन बंद करा.

सर्जेराव : कागद दे इकडं. पत्रा जाड घ्यावा लागंल. तुकडे हितंच कापून घेतो, जोडायचं तिथं. आन् झाकनाला कुलूप करनार न्हाई. खालून दोन तोट्या काढतो. ज्याला तहान लागंल त्यानं सोता घ्यावं.

हरेश्वर : म्हणजे येताय तुम्ही?

सर्जेराव : पत्रे घेऊन आठ दिवसांनी निघतो.

केशरबाई : मीबी येनार. ज्या पान्यापायी ह्ये इतके वर्सं मुके ऱ्हायले ते बघू द्या मलाबी.

हरेश्वर : बाबांना काय सांगू?

सर्जेराव : सांग, टाकी भरली की पह्यला गिलास त्यांनी भरायचा आन् मला द्यायचा.

हरेश्वर : काका, त्यांना दोन वर्षं झाली, दिसत नाय काही.

सर्जेराव : त्याला डोळे कशाला लागतेत? गिलास भरत आला की पान्याचा आवाज बदलतो.