टाळ्यांनंतरची टेप

नाही, त्या खुर्चीवर नको, काका, तिचा पाय डुगडुगतो — इथं बसा, मशीनसमोर. खालचं दुकान ना, आज बंद असतं, म्हणून जिन्यात एवढं सामसूम. दार वाजलं तेव्हा माझ्या हातून रीळच सुटणार होतं — मी अशीच, सावलीलाही दचकते. मामा म्हणायचा, हिला रेकॉर्डिंगला नेलं तर माईकमध्ये हिचीच धडधड येईल. आणि बघा, मामा गेला आणि तुमच्या बँडच्या सगळ्या कार्यक्रमांच्या टेपा माझ्याच गळ्यात.

काय वाजवायचात हो तुम्ही लोक. मला वाटायचं, जॅझ म्हणजे हॉटेलात मागं चाललेलं काहीतरी — आणि इथं लंबूकाकांची गिटार साडेसात मात्रांत सुसाट सुटते आणि तुम्ही ड्रमवर मुद्दाम जरासे उशिरा, तिचा पाय मागं ओढल्यासारखे. कौतुकानंच म्हणतेय, रागावू नका.

ही शेवटच्या कार्यक्रमाची. जुन्या टेपेचा डिंक सुटतो, म्हणून आधी मंद आचेवर शेकावी लागते, मग थोडे दिवस नीट वाजते, नंतर कायमची गेली. मामानं ही कधी ऐकलीच नाही, धीरच झाला नाही त्याला. पण त्याची सवय तुम्हाला ठाऊक आहे — कार्यक्रम संपला तरी रीळ संपेपर्यंत मशीन चालूच, रिकाम्या हॉलचा आवाज हवा म्हणून. फोनवर म्हटलं ना मी, टाळ्यांनंतरही टेप चालू आहे — तेवढ्यासाठी तुम्ही स्वतः याल असं नव्हतं वाटलं.

शेवट? शेवट नाही ऐकला मी. टाळ्यांपर्यंतच. पुढं काय, रिकामा हॉल — नाही हो, शिडीबिडी काही ऐकू येत नाही. शिडी? म्हणजे, सगळ्यांना माहीतच आहे, लंबूकाका वर टांगलेला माईक सोडवायला एकटेच चढले, पडले आणि गेले, तुम्ही सगळे जेवायला गेला होतात. तेच आठवलं, दुसरं काय.

मूळ टेपच ऐकायचीय? बरं. हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकू द्या. हे बटण सुरू, हे बंद. लागलं? — काका? काका, तुमच्या शर्टाला आग लागलीये. — नाही. काहीच नाही ऐकू येत तुम्हाला.

मग सांगते. तुमच्याकडे बघून नाही जमणार, खिडकीकडे बघून सांगते. मी ऐकलंय. तुम्ही म्हणता, 'चढ, मी धरतो शिडी.' ते वरून म्हणतात, 'उद्या सांगतो सगळ्यांना, ड्रमवर दुसरा माणूस बघतोय.' मग तो आवाज. तुम्ही ढकललंत की नुसती शिडी सोडलीत, ते कळत नाही, काका, खरंच नाही कळत. मला त्यानंतरच्या तुमच्या पावलांचं भय वाटतं. घाई नाही हो त्यांना. दारापर्यंत जातात, दिवा बंद केल्याचा खटका — आणि लंबूकाका जिवंत आहेत. हाक मारतायत. तुम्हालाच. रीळ संपेपर्यंत. आणि तो वरचा माईक सगळं टिपतोय.

कुणाला सांगितलं नाहीये अजून. कॉपी एकच काढलीये, या टेबलाच्या खणात, उद्या लंबूकाकांच्या मुलीला नेऊन देणार — तिनं ठरवावं काय ते. तुम्ही आज नुसतं ऐकून निघून जा, म्हणजे झालं. मी काही बोलणार नाही, तुम्हीही काही—

इतकं शांत कसं झालं? टेप फिरताना बारीक सळसळ येत असते. हेडफोन तर कानांवरच आहेत तुमच्या. मग चाकं — चाकं कधी थांबवलीत, काका?