दिगूकाकांचं दक्षिणेचं दार

मंडळी, मोबाईल बंद करा, हात जोडा, आणि आधी मला उत्तर द्या! जी वस्तू आपण स्वतः घेणार नाही, ती गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात मारावी का? ... 'नाही' म्हणताय? अहाहा! सगळेच हरिश्चंद्र जमलेत आज! मग ऐका, आपल्याच मिरजेतली गोष्ट. ज्यांची आहे त्यांना विचारूनच सांगतोय हं!

दिगंबर खासनीस — आपले दिगूकाका. बँकेतून निवृत्त, आवाज खणखणीत! राहायला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि कुमुदकाकूंचे गुडघे गेले! दसऱ्यापासून माउली खाली उतरली नाही हो! देऊळ बंद, भाजी बंद, शेजारणीशी गप्पा — त्यासुद्धा खिडकीतून ओरडून! रस्त्याकडे बघत बसायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या. म्हणून ठरलं — हे घर विकायचं, खालचं घ्यायचं.

शेजारी म्हणाले, "एजंट गाठा." काका उसळले! "माझं घर, माझं तोंड! एजंट कशाला?" गेटवर स्वतःच्या हातानं पाटी लावली — 'घर विकणे आहे. एजंटांनी फोन करू नये.' आणि मंडळी, फोन कुणाचे आले? ... बरोब्बर! एजंटांचेच!

मग गिऱ्हाइकंही आली. उजेड आवडला, वारा आवडला, काकूंचा चहा तर फारच आवडला! पण दार कुठल्या दिशेला? दक्षिणेला! यमाची दिशा! कप खाली ठेवला की पसार!

एका रविवारी आली रत्नमाला कोष्टी. शिवणक्लास चालवते, भाड्याच्या खोलीत मशिनं मावेनात. म्हणाली, "काका, घर मनात भरलं. पण दार दक्षिणेला... सासूबाई काय म्हणतील!"

काकांना चढला जोर! "अगं पोरी, दिशा कसली घेऊन बसलीस? देव काय होकायंत्र घेऊन फिरतो? आमचा अख्खा संसार या दारातून झाला! मुलं शिकली, लग्नं झाली — यम सोड, चोरसुद्धा आला नाही!" वा रे पठ्ठे! मी कीर्तनकार, पण मलाही असं जमलं नसतं! रत्नमालेचा चेहरा खुलला. "मग घेतेच, काका!"

तेवढ्यात आतून काठी टेकत कुमुदकाकू आल्या. "अहो, मग फडतऱ्यांचं बैठं घर आपण का सोडलं?"

मृदंग थांबवा, बुवा! इथं जरा शांत! त्याचं असं झालं होतं — मागच्याच गल्लीत फडतऱ्यांचं घर विकायचं होतं. अंगण, एकच पायरी! फोटो बघून काकूंनी तुळस कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवलं होतं. आणि काकांनी? दारात उभं राहून मोबाईलवर दिशा बघितली — दक्षिण! — आणि तिथूनच 'नको' म्हणून परत!

"ते वेगळं," काका पुटपुटले.

"काय वेगळं? ही पोर राहिली तर यम येत नाही, मी राहिले तर येतो? दर शनिवारी दक्षिणमुखी मारुतीला तेल घालता, आणि दक्षिणमुखी घराला भिता? मला या खिडकीतच मारायचंय का हो?" आणि काकूंना रडू फुटलं.

एजंट असता तर खपून गेलं असतं — 'तो बोलला, मी नाही!' इथं तोंड स्वतःचं! पळणार कुठं?

काका मटकन खाली बसले. "पोरी, मी विकण्यासाठी बोललो. खरं सांगू? मला भीती वाटते. तेव्हा दुसरं घर मिळेना म्हणून हे घेतलं, आणि आजही दार उघडताना मनात धाकधूक असते."

रत्नमालेनं पर्स काखोटीला मारली. "तुम्हालाच भीती, तर मी कशी घेऊ?" गेलं! हातातलं गिऱ्हाईक गेलं!

आणि काका उठले! "थांब! तू आज काही देऊ नकोस. मी आत्ता जाऊन फडतऱ्यांना विसार देतो. दक्षिणेच्या दारातून आधी आम्ही आत जातो, मग तुझं तू ठरव. तू नाही म्हणालीस तर माझा विसार बुडेल, बुडू दे!"

शेजारच्या दोघांनी काकूंना खुर्चीसकट उचललं — पालखीच निघाली म्हणा ना! मागून रत्नमाला. फडतऱ्यांनी दार उघडलं. काकांना दरदरून घाम! विसार हातात ठेवला, काकूंचा हात धरला, डोळे गच्च मिटले — आणि उजवा पाय आत!

काकू खळखळून हसल्या. "अहो, उघडा डोळे! जिवंत आहात!"

अंगणातून रत्नमाला ओरडली, "काका, तुमचं घर माझं! सासूबाईंना मी सांगते काय ते!"

कुमुदकाकू आज स्वतः चालत आल्यात, त्या बघा खांबापाशी! टाळ्या नंतर वाजवा! आता माझी गाठ तुमच्याशी आहे. दुसऱ्याला सांगता — 'मंगळ काय बघायचा, मुलगी गुणाची आहे!' आणि आपल्या मुलाला तशीच मुलगी सांगून आली की? ... आता का माना खाली? दुसऱ्याला 'घे रे, काही होत नाही' म्हणालात, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मागे सरलात — असं काय काय आहे, ते आरतीच्या आत आठवा. नाही आठवलं, तर पलीकडे बसलेल्या बायकोला विचारा. तिला सगळं पाठ आहे! बोला, बजरंगबली की जय!