घरी सांगितलेला कॅन्सर

त्वचारोगाच्या दवाखान्यात शिंपीबुवांचा नंबर सातवा होता. डॉक्टरांच्या खोलीतून एक बहीणभाऊ बाहेर आले आणि त्यांच्याच बाकावर टेकले.

"दादा, कॅन्सर नाही म्हणाले ना डॉक्टर? मग तोंड का पाडलंयस?"

"खालची जखम बघून मीच घरी सगळ्यांना कॅन्सर सांगून बसलोय."

"मग बरा झालो म्हणून सांग."

"गोळ्यांनी? महिनाभरात? कॅन्सर?"

"मग खरं सांग. जंतूंचा दुर्मिळ आजार आहे, बाहेर तोंड मारून आणलाय म्हणावं."

"हळू बोल, शेजारी माणूस आहे."

शिंपीबुवा भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचू लागले. ते गेल्या वर्षीचं होतं.

"जखम पूर्ण भरेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि वहिनीलाही तपासायला आणायचंय."

"काय सांगून आणू? नवऱ्याचा कॅन्सर बायकोला लागतो का?"

"इतके महिने डॉक्टरकडे का नाही आलास रे?"

"दुखतच नव्हती गं जखम."

"वहिनीचीही दुखत नाहीये."

"काय?"

"परवा मला दाखवली. म्हणाली, वन्सं, यांना इतक्यात सांगू नका, आधीच कॅन्सरने खचलेत."