छातीकडं जाणारा हात

"हॅलो?... हॅलो, कोण?... बोला की."

पलीकडून बोलणं सुरू झालं आणि शिवकांताबाईंचा अंगठा सवयीनं लाल बटणाकडं सरकला. सहा महिन्यांत अंगठ्याला हे काम चांगलंच अंगवळणी पडलं होतं. उदगीरच्या मोंढ्याशेजारच्या आपल्या लहानशा दुकानात त्या विभूतीच्या गोळ्या कागदात बांधत बसल्या होत्या. चष्मा कपाळावर होता, म्हणून नंबर न बघताच फोन उचलला गेला. आता कानात तोच आवाज होता. ना वर ना खाली, डबड्यात भुंगा कोंडल्यासारखा, एकेक अक्षर एकाच मापाचं.

"न्हाई, रिचार्ज नको... नको म्हणलं ना... कोण?... कुणाचा भाऊ?"

हे सोंग होतं. नांदेडहून त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बोलत होता, मृत्युंजय. कॅन्सरमुळं डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढलं, श्वासासाठी मानेला भोक ठेवलं आणि हातात टॉर्चएवढं एक यंत्र दिलं. ते गळ्याला टेकवून बटण दाबलं की ओठांवरचे शब्द ऐकू येत, पण बोलणारा माणूस त्यातून गळून गेलेला असे. ज्यानं पंचवीस वर्षं मोंढ्यात धान्याच्या लिलावाची हराशी पुकारली, ज्याची हाक स्टेशनापर्यंत जाते अशी लोक चेष्टा करत, त्याचा हा आवाज.

"...हां. हां, जय्या. वळखलं रे... न्हाई, ठेवत न्हाई... बोल. ऐकून राहिले."

आज अंगठा का थांबला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय? नाटक?... तू?... कुणी लिहिलं? आपल्या अक्षरानं?... कॉलेजकडून. बरं, रविवारी... मग तुझं काय काम त्यात?... सेनापती. निम्मा माणूस अन् निम्मा लोखंड? असं कुठं असतं रे?... हां... हां... गावंच्या गावं जाळतो, अन् तोंडावरची सुरकुती हलत न्हाई. मग सरळ राक्षसच म्हण की... न्हाई? आधी माणूस होता? बरं, बरं... गुरम्मा, वाती त्या डब्यात हायत, तुझ्या हातानं घे. भावाचा फोन हाय."

शेजारची गुरम्मा डब्यात हात घालून तशीच थांबली. भावाचा फोन हाय, असं या दुकानात सहा महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

"काही न्हाई, गिऱ्हाईक हाय... तू बोल. म्हणजे पोरीनं बापालाच व्हिलन केलं?... तूच मागून घेतलंस? का म्हणून?... कोण म्हणतं रोबोट?... गल्लीतली लेकरं. मग तू काय म्हणलास त्यांना?... हसून राहिलास का, जय्या?... न्हाई, विचारते. कळंना मला."

खरंच कळत नव्हतं. पूर्वी त्याच्या नुसत्या 'अक्का' म्हणण्यावरून त्या ओळखायच्या, आज भांडून आलाय की बाजार चांगला झालाय. आता हसणं, रागावणं, भूक लागणं, सगळं एकाच घुर्र घुर्रमध्ये बुडालं होतं.

"मग अडलंय कुठं?... शेवटाला. हां... त्याची बहीण समोर येऊन उभी राहती. तो तिला वळखतो. अन् रडतो. चांगलं हाय की, लोकंबी रडतील... का न्हाई जमत?... पुन्हा सांग, अडत अडत येऊन राहिलंय... रडताना आवाजच येत न्हाई? अजिबात?... अन् बटण दाबलं तर?... तसाच. सगळ्याला तसाच... तालमीत पोरं हसली?... सगळी?... अन् अक्षरा?... उठून बाहेर गेली."

शिवकांताबाईंनी हातातली विभूतीची गोळी खाली ठेवली. लाज वाटली त्यांना. तालमीतली पोरं तरी परकी होती.

"मग मला काय विचारतोस? मला नाटकातलं काय कळतं... हाव, मीच होते दवाखान्यात. तुझी बायको औषधं आणायला खाली गेली होती... कशाला रे ते आता?... असं व्हय. माणसाचं सगळं गेल्यावर आत काय राहतंय, ते पाहिजे तुला. तुला तर काहीच आठवत न्हाई म्हणा... सांगते. मधी बोलू नको."

एवढं म्हणून त्यांनी विभूतीचे कागद बाजूला सारले. गुरम्मा वाती मोजायची सोडून स्टुलावर टेकली.

"ऑपरेशनला नेताना गळ्यातलं इष्टलिंग काढायला लावलं त्यांनी. लहानपणी बांधलेलं, कधी निघालं न्हाई. खाली तर ठेवायचं न्हाई. म्हणून लिंगाची ती चांदीची डबी मी ओंजळीत धरून बसले. सगळा दिवस, सगळी रात. हात सोडला तर तू जाशील असं वाटलं मला... न्हाई, चहाबी न्हाई घेतला. तू ऐक... दुसऱ्या दिवशी तुझे डोळे उघडे, पण वळख कुणाची न्हाई. नाकात नळी, मानेत नळी, तोंड सुजलेलं. हाक मारली, चिमटा काढला. दगडावानी पडून होतास. मग नर्सबाईनं नळीतनं दूध द्यायला घेतलं, अन् तुझा डावा हात उठला."

"हाव, डावा... छातीकडं गेला. चाचपून राहिला. जेवायच्या आधी लिंगाला हात लावल्याबिगर अव्वा घास घेऊ देत नव्हती ना आपल्याला, तसा. तुला बायकू ठाव न्हाई, बहीण ठाव न्हाई, तू कोण हे ठाव न्हाई. त्या हाताला तेवढं ठाव होतं. डबी दिली तुझ्या मुठीत. मूठ मिटली. मग दूध गेलं आत."

पदरानं नाक पुसून त्या पुन्हा बोलू लागल्या, आता जरा घाईनं.

"अक्षराला सांग, रडू नको म्हणावं त्या सेनापतीला. आवाज हाय तसाच राहू दे, तोंडबी तसंच. त्याला ते चार्जिंग लावत असतील ना?... हां, मग तेच त्याचं जेवण. वायर लावायच्या आधी नुसता हात छातीकडं जाऊ दे. तिथं लोखंड हाय, काही सापडायचं न्हाई. तरी जाऊ दे... लोकांना न कळू दे. बहिणीला कळंल."

पलीकडून थोडंच बोलणं झालं. शिवकांताबाईंची मान खाली गेली.

"...हाव. तूच हायस ते कळायचं मला... पहिल्यांदा खरंच वाटलं रे, कंपनीचा फोन हाय. दुसऱ्यांदा न्हाई. पंचमीला न्यायला येऊ का म्हणून विचारत होतास. 'अक्का' म्हणलास, अन् मी कापला... भ्याले रे. माझा भाऊ गेला अन् त्याच्या नंबरावरून दुसरंच कुणीतरी बोलून राहिलंय, असं वाटायचं. तो हात डोळ्यानं बघूनबी... त्या लोखंडाच्या माणसाचं काम मला द्यायला पाहिजे होतं, जय्या. मी लई चांगलं केलं असतं... बोल की. शिव्या दे पाहिजे तर... जय्या?... हॅलो?"

लाईन गेली नव्हती. यंत्र कुठंतरी ठेवल्याचा बारीकसा खट्ट आवाज आला, आणि मग नुसता वारा. मानेच्या भोकातून आत जाणारा, बाहेर येणारा, मध्येच अडखळणारा. त्या वाऱ्याला त्यांनी कान दिला आणि कुणी न सांगता त्यांना समजलं.

"...घेऊ नको ते यंत्र. राहू दे... असंच रड. ऐकायला येऊन राहिलंय मला."

गुरम्मा वाती तिथंच ठेवून चपला हातात घेऊन बाहेर गेली.

"रविवारी येते. सकाळच्या एसटीनं. अक्षराला म्हणावं, आत्याला पुढं बसव... बरं, ठेव तू आता... मी न्हाई ठेवत. तूच ठेव."

त्यानंही ठेवला नाही. दोघं तसेच बसून राहिले, ती उदगीरला, तो नांदेडला. मग मध्येच कधीतरी तो वारा थांबला आणि फोन टूं टूं करू लागला.

शिवकांताबाई दचकल्या. चष्मा घाईनं डोळ्यांवर ओढून त्यांनी नंबर शोधला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा आपण होऊन लावला. एक रिंग पुरी व्हायच्या आत तिकडं उचलला गेला.

"जय्या, मी... मी कापला न्हाई रे. आपोआप गेला. ह्या वेळी मी न्हाई कापला."